मोटर स्टार्ट, पालखी प्रस्थान

‘मोटर स्टार्ट होऊन नाही राहिली बाप्पा!’ वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या शिवारात हे वाक्य ऐकू आलं नाही असा एकही हंगाम जात नाही. ‘होऊन राहिली’ ही अस्सल वैदर्भी ठेवण, ‘बाप्पा’ तर इथला हक्काचा, आणि मधोमध ठाण मांडून बसलेला ‘स्टार्ट’ साता समुद्रापलीकडचा. तो आता इतका घरचा झालाय की शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा नातवाला म्हणते, ‘गाडी स्टार्ट कर, उशीर होऊन राहिला.’

पण नीट कान दिला तर एक गंमत कळते. आर्वीत मोटर स्टार्ट होते, ट्रॅक्टर स्टार्ट होतो, फटफटी, जनरेटर, मोबाईल, सगळं स्टार्ट होतं. पाऊस मात्र स्टार्ट होत नाही. पेरणी होत नाही, कापसाची वेचणी होत नाही, लग्न होत नाही, वारी तर नाहीच नाही. जे वीज किंवा डिझेल खातं ते स्टार्ट होतं. जे मातीतून, माणसातून किंवा आभाळातून येतं त्याच्यासाठी वेगळा शब्द लागतो, आणि तो आपल्याकडे तयार असतो. हल्ली कोचिंग क्लास आणि मीटिंगाही स्टार्ट होऊ लागल्यात, हे खरं. तरी शेताच्या धुऱ्यावर ही वाटणी अजून टिकून आहे. त्या वाटणीच्या दोन्ही बाजूंना काय काय दडलंय ते बघू.

आधी उडी, मग आरंभ

या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘आरंभ’ नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो उडी मारणे, उसळणे, एकदम दचकणे यासाठी वापरत. दचकवणे या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा त्याच्याच कुळातला. ससा झुडपातून टुणकन बाहेर पडावा तशी ती हालचाल. तिथून ‘प्रवासाला निघणे’ आणि मग ‘सुरू करणे’ हा अर्थ यायला कित्येक शतकं जावी लागली.

आता एक फसवा भाऊ. हिवाळ्यात आपल्याकडे पडक्या भिंतींवर, धुऱ्यावरच्या दगडांवर एक चिमुकला पाहुणा पक्षी दिसतो. काळपट अंग, विटकरी-तांबूस शेपटी, आणि ती शेपटी सारखी थरथरते. म्हणून आपण त्याला थिरथिरा म्हणतो. इंग्रजीत त्याचं नाव ‘रेडस्टार्ट’. यातल्या ‘स्टार्ट’चा आरंभाशी काही संबंध नाही, जुन्या इंग्रजीत शेपटीला जवळपास असाच शब्द होता. रेडस्टार्ट म्हणजे लालशेपट्या. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ‘स्टार्ट पॉइंट’ नावाचं एक टोक आहे, तेही समुद्रात शेपटीसारखं घुसलंय म्हणून. इंग्रजांनी या पक्ष्याच्या शेपटीचा रंग पाहिला, आपण तिची थरथर पाहिली.

लाईन आली, स्टार्टर दाब

विदर्भात विजेला ‘लाईन’ म्हणतात. लाईन आली की विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे धावायचं आणि हिरवं बटण दाबायचं. ती पेटी म्हणजे स्टार्टर. हिरवं बटण दाबल्यावर आतून ‘खट्’ आवाज आला, की पाटात पाणी येणार हे ठरलेलं.

मोटरला स्टार्टर लागतोच कशाला? घरच्या पंख्यासारखं नुसतं बटण का चालत नाही? कारण थांबलेली मोटर गती घेताना चालू मोटरपेक्षा पाच ते सात पट करंट ओढते. मोठ्या मोटरला एवढा झटका थेट दिला तर वायरिंग तापतं, शेजारच्या विहिरीवरचं व्होल्टेज कोसळतं. म्हणून ‘स्टार-डेल्टा’ची युक्ती. सुरुवातीला मोटरची गुंडाळी अशी जोडायची की तिला पूर्ण व्होल्टेजच्या सुमारे 58 टक्केच मिळतं आणि लाईनवरचा करंट एक तृतीयांशावर येतो. मोटरने वेग धरला की जोडणी बदलायची आणि पूर्ण ताकद द्यायची. शिवाय जास्त भार आला किंवा तीनपैकी एक फेज गेला तर मोटर जळण्याआधी लाईन तोडण्याची सोयही याच पेटीत केलेली असते. म्हणजे आपल्या स्टार्टरचं अर्धं आयुष्य थांबवण्यातच जातं.

शेतीला वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जायचं म्हणजे जिवावरचं काम. त्यातून ‘ऑटो’ आला: लाईन आली की आपोआप मोटर चालू. मग मोबाईल आला आणि पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून पंप चालू-बंद करणारं यंत्र बनवलं. त्याला नाव दिलं ‘नॅनो गणेश’. कामाचा श्रीगणेशा करणाऱ्या यंत्राला याहून चपखल नाव सापडणं अवघड.

दुसरा स्टार्टर घरातला. आठवतो का ट्यूबलाइटच्या पट्टीत अडकवलेला तो अंगठ्याएवढा डबा? त्याच्या आत वायू भरलेला छोटा बल्ब आणि दोन वेगळ्या धातूंची पट्टी असते. बटण दाबलं की पट्टी तापते, वाकते, टेकते, मग थंड होऊन सुटते. त्या सुटण्याच्या क्षणी चोक जोराचा विजेचा धक्का देतो आणि नळी पेटते. म्हणून ट्यूब आधी डोळे मिचकावायची. एकदा ट्यूब लागली की हा डबा काढून खिशात घातला तरी ती जळतच राहते. त्याचं काम तेवढ्या दोन-चार मिचकावण्यांचं. इलेक्ट्रॉनिक चोक आणि एलईडी आले, आणि आजच्या शाळकरी मुलांना हा डबा दाखवला तर ओळखू येणार नाही.

विरजण: इंग्रजीत आरंभ, मराठीत शेवट

हा मला सापडलेला सगळ्यात चविष्ट विरोधाभास. दूधशास्त्रात दही लावायला जे जिवंत जिवाणू घालतात त्याला ‘स्टार्टर’ म्हणतात. म्हणजे आपलं विरजण. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करू लागतात आणि रात्रीतून दही तयार. इंग्रजीच्या दृष्टीने ही सुरुवात.

मराठीत? उत्साहावर विरजण पडतं. बेतावर विरजण पडतं. पोरांची सहल ठरली आणि पाऊस आला की सगळ्या आनंदावर विरजण. एकच चमचा, पण इंग्रजीने दही होणं पाहिलं आणि मराठीने दुधाचं दूधपण जाणं पाहिलं. दोन्ही बरोबर आहेत.

आर्वीच्या संदर्भात दुधाचं नाव निघालं की गवळाऊ गाईचं नाव घ्यायलाच हवं. वर्धा जिल्ह्याची ही पांढरी, सडसडीत जात. जुन्या पशुवैद्यक ग्रंथांत तिचं दुसरं नाव चक्क ‘आर्वी’ असं दिलेलं आहे. किती तालुक्यांना असा मान मिळाला असेल? या जातीचे बैल ओझ्यापेक्षा चालीसाठी नावाजलेले: हलके, चपळ, पटकन पळ काढणारे.

फॉल्स स्टार्ट आणि दुबार पेरणी

पळण्यावरून शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवतो. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भाला ठाऊक. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. पटात वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजतात, त्यामुळे जोडी सुटते तो क्षण सर्वात मोलाचा. धुरकऱ्याची सगळी विद्या त्या सुटण्यात.

माणसांच्या शर्यतीतही तेच. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा थॉमस बर्क जमिनीला हात टेकून, वाकून बसला आणि 100 मीटर जिंकला. आज प्रत्येक धावपटू तसाच बसतो. बंदुकीचा आवाज कानात शिरून पायापर्यंत पोचायला किमान एक दशांश सेकंद लागतो असं नियम धरतो. त्याआधी कुणी हललं तर तो आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने हलला असं मानतात. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाहेर. पुढच्याच वर्षी, दक्षिण कोरियातल्या देगू इथे जागतिक स्पर्धेच्या 100 मीटर अंतिम फेरीत साक्षात उसेन बोल्ट याच नियमाने बाद झाला.

शेतकऱ्याचा फॉल्स स्टार्ट याहून महाग. जूनमध्ये मृग लागतो, दोन सरी येतात, माती ओली दिसते आणि हात शिवशिवतात. कृषी खातं दरवर्षी कळकळीने सांगतं: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका. पण शेजाऱ्याची तिफण निघाली की धीर सुटतो. मग पाऊस दडी मारतो, सरकी मातीत कुजते किंवा कोंब करपतो, आणि दुबार पेरणी. बोल्टने एक शर्यत गमावली, पुढच्या शर्यतीत परत धावला. दुबार पेरणी करणाऱ्याचं बियाणं, मजुरी आणि हंगामाचे दिवस तिन्ही जातात. या एका सुरुवातीच्या चुकीने घर कसं हलतं हे वर्धा-यवतमाळ पट्ट्याला सांगायला नको.

पाणी तोडा, फुलं येतील

काही सुरुवाती थांबवून कराव्या लागतात. आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्यांचा पट्टा. संत्र्याच्या झाडाला फुलं केव्हा आणायची हे बागायतदार ठरवतो, आणि त्यासाठी तो झाडाला पाणी देत नाही. याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात. साठवलेली ताकद झाड फुलांसाठी राखून ठेवतं. मग ताण तोडायचा: खत, पाणी, आणि थोड्याच दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी घमघमते. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आणली तर तो आंबिया बहार. उन्हाळ्यात ताण देऊन पावसाच्या तोंडावर आणली तर मृग बहार. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. किती दिवस हे झाडाच्या पानांकडे बघून ओळखायचं.

या सगळ्याला बागायतदार म्हणतो ‘बहार धरणे’. ‘बहार स्टार्ट केला’ असं म्हणताना मी एकाही बागवानाला ऐकलेलं नाही.

हँडल, सेल्फ, डबल बेल

शेतातलं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करत. त्यात एक शिस्त होती: हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडायचा. सुरुवातीच्या मोटारींनाही पुढे हँडलच असे, आणि मोडलेले हात-अंगठे नेहमीचे. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. स्वतःहून चालू होणारी म्हणून ‘सेल्फ स्टार्टर’. आपल्याकडे त्यातला ‘स्टार्टर’ गळून पडला आणि ‘सेल्फ’ राहिला. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ उचलत नाही’, ‘सेल्फ गेला’. मेकॅनिकला एवढं पुरतं.

सेल्फ गेला की धक्का स्टार्ट. गाडी दुसऱ्या गिअरात टाकायची, क्लच दाबून ठेवायचा, चार जणांनी ढकलायचं आणि वेग आला की क्लच सोडायचा. एरवी इंजिन चाकं फिरवतं. इथे चाकं इंजिनाला फिरवतात.

एसटीची गोष्ट वेगळी. राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला सुटली. तेव्हापासून कंडक्टरची दोरी हीच गाडीची भाषा: एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. ‘डबल बेल’ हा महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त वेळा दिला गेलेला ‘निघा’चा हुकूम असावा. रेल्वेत हेच काम सिग्नल करतो, आणि त्याचं नावच ‘स्टार्टर’. गाडी येताना ‘होम’ सिग्नल, सुटताना ‘स्टार्टर’, आणि मोठ्या स्टेशनात त्याच्याही पुढे ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टर’. तो ओलांडला की गाडी त्या स्टेशनची राहत नाही, पुढच्या टप्प्याची होते.

पुलगावहून आर्वीला येणारी आपली छोटी गाडी या सगळ्यांची धाकटी बहीण. 35 किलोमीटरचा अरुंद रूळ, दोन रुळांतलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. इंग्रजी अमदानीत एका खासगी कंपनीने विदर्भाचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत न्यायला असे रूळ टाकले. लोकांनी त्या गाड्यांना ‘शकुंतला’ म्हटलं. कोळशाचं इंजिन बटणाने सुटत नाही. थंड बॉयलरला वाफ धरायला तासन् तास लागतात, म्हणून सकाळच्या गाडीचा आरंभ मध्यरात्रीच व्हायचा. ही गाडी आता धावत नाही. ती परत, मोठ्या रुळावर का होईना, सुटावी ही आर्वीकरांची मागणी रास्त आहे.

‘सुरू’ तरी आपला कुठला?

स्टार्टला परका म्हणण्याआधी ‘सुरू’कडे बघा. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला; ‘सुरुवात’ही त्याच्याबरोबरचीच. आज त्यांना कुणी पाहुणा म्हणत नाही. ‘सुरू’ने इथे येऊन नवी कामंही धरली: ‘दुकान सुरू आहे का?’ म्हणजे उघडं आहे का, ‘पंखा सुरू राहू दे’ म्हणजे फिरत राहू दे. कोकणात गेलात तर ‘सुरू’ हे झाडही आहे, समुद्रकाठचं सुरूचं बन. ते नाव फारसीतल्या ‘सर्व’ या झाडावरून आलेलं, म्हणजे तिथेही पाहुणाच. झाडही पाहुणं, 1868 साली कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली.

अस्सल घरचा आरंभ म्हणजे ‘लागणे’. पाऊस पडू लागला, पोर रडू लागलं, पाय दुखू लागले. क्रियापदाला ‘लागला’ जोडलं की काम सुरू. एवढ्यावर त्याचं भागत नाही. तहान लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, आग लागते, वेड लागतं. आर्वीच्या बसस्थानकात ‘वर्धेची गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली. आणि तिच्यात बसल्यावर एखाद्याला ‘गाडी लागते’ म्हणजे मळमळतं. परभाषकाला मराठी शिकवताना या एका क्रियापदावर आठवडा जातो.

लिहिण्या-वाचण्याचा आरंभ ‘ओनामा’. पूर्वी पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना ‘ओम् नमः सिद्धम्’ म्हणवून घेत. पोरांच्या तोंडी त्याचं ओनामा झालं. नाटकाची ‘नांदी’, तमाशाचा ‘गण’, मांडवाची ‘मुहूर्तमेढ’, इमारतीची ‘पायाभरणी’, नवरात्राची ‘घटस्थापना’, दुकानदाराची ‘बोहनी’. ‘बोहनीच्या टायमाले उधार नाही’ हे आर्वीच्या बाजारातलं पहाटेचं तत्त्व. पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार रिकाम्या हाती जाऊ देत नाही, आणि पहिला पैसा डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकतो. नुसतं सुरू करून सोडून देणाऱ्यासाठीही शब्द आहे: आरंभशूर. आणि ‘मुहूर्त’ हा मुळात काळाचा मापदंड, दिवस-रात्रीचा तिसावा भाग, म्हणजे नेमकी 48 मिनिटं.

कापसाच्या पहिल्या वेचणीला तर विदर्भात सोहळाच असतो. सीतादही म्हणतात, कुठे सीतादेवीची पूजा म्हणतात. बोंडं फुटली की घरच्या बाया शेतात जाऊन पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वेचणीला हात लागतो. पुढे तो कापूस बाजार समितीत आला की मुहूर्ताच्या पहिल्या गाडीवाल्याचा शेला-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि त्याला मिळालेला भाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो.

निघण्याआधी निघणे

या सगळ्यांत माझा सर्वात आवडता शब्द ‘प्रस्थान’. आर्वीपलीकडे वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. 1594 पासूनची परंपरा असं सांगतात. विदर्भाच्या वाऱ्यांत हिचा मान मोठा, आणि वाटही मोठी. पालखी निघते त्या दिवसाला ‘प्रस्थान’ म्हणतात. दुसरा शब्द कुणी वापरत नाही.

पण प्रस्थानाचा एक जुना, विसरत चाललेला प्रकार आहे: ‘प्रस्थान ठेवणे’. समजा, प्रवासाला निघायचा शुभ मुहूर्त मंगळवारचा आहे, आणि तुम्हाला शुक्रवारपर्यंत निघता येत नाही. मग मंगळवारी त्या वेळेला आपल्या सामानातली एखादी वस्तू, वस्त्र असो, सुपारी असो, तांदूळ असोत, जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे किंवा देवळात नेऊन ठेवायची. तुमचा प्रवास मंगळवारीच सुरू झाला असं धरायचं. शुक्रवारी सावकाश निघायचं आणि जाताना ती वस्तू उचलायची. वेळ पाळली गेली आणि कामही अडलं नाही. बैलगाडीच्या काळातली ही सोय किती शहाणी होती! मुलीला सासरी धाडताना, लेकाला नोकरीच्या गावी पाठवताना अनेक घरांनी असं प्रस्थान ठेवलेलं आहे. जगात सुरुवातीला इतकं समजूतदारपणे वागवणारी दुसरी रीत माझ्या पाहण्यात नाही.

एका गावात नवी वर्षं किती?

पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, तिथून त्याचं वर्ष. 1 एप्रिलला बँक आणि नगरपालिकेचं. जूनमध्ये मृगाबरोबर शेताचं. शाळेचंही जूनमध्येच, पण विदर्भात उन्हाचा तडाखा ओसरेपर्यंत शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पुण्याचा मुलगा दुसरा धडा शिकत असतो तेव्हा आर्वीचा अजून आजोळी असतो. 1 ऑक्टोबरला कापूस व्यापाराचा नवा हंगाम धरतात. दिवाळीत व्यापाऱ्याच्या चोपडीचं नवं पान. आणि 1 जानेवारी सगळ्यांचीच. एका माणसाला वर्षात सात वेळा नव्याने सुरुवात करता येते.

गावाची स्वतःची सुरुवातही दोन धर्मांत वाटलेली. आर्वीला जुन्या कागदांत ‘आर्वी तेलंगराय’ म्हटलंय. तेलंगराव नावाच्या पुरुषाने हे गाव वसवलं अशी आख्यायिका. हिंदू त्यांना ब्राह्मण मानत आले, मुसलमान त्यांना मुसलमान. समाधी एकच, आणि तिच्यापुढे दोघेही वाकत आले.

आणखी थोडे, पटापट

हॉटेलात जेवणाआधी येणारा ‘स्टार्टर’ लग्नांच्या मेनूत शिरला, पण पंगतीचा आरंभ अजून वाढण्याच्या क्रमाने आणि श्लोकाने होतो. फ्रान्समध्ये ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत तोच शब्द मुख्य जेवणाला वापरतात. मूळ अर्थ ‘प्रवेश’.

24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 आलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ बटण दिसलं. संगणक बंद करायचा तर तेच बटण दाबावं लागे.

31 जुलै 1991 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव यांनी मॉस्कोत अण्वस्त्रं कमी करण्याच्या करारावर सही केली. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो ‘स्टार्ट’. कॅलिफोर्नियात 1983 साली तयार झालेली, अपघातस्थळी जखमींची झटपट वर्गवारी करण्याची पद्धतही ‘स्टार्ट’च. श्वास, नाडी आणि सांगितलेलं कळतंय का, एवढं पाहून मिनिटभरात ठरवायचं की आधी कुणाला उचलायचं.

‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा 15 ऑगस्ट 2015 ला लाल किल्ल्यावरून झाली आणि योजना 16 जानेवारी 2016 ला आली, आता 16 जानेवारी हा राष्ट्रीय स्टार्टअप दिन आहे.

वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरी पहिल्या पेरणीला, पहिल्या वेचणीला, नव्या चुलीला, नव्या बैलजोडीला, बाळाच्या पहिल्या पावलाला काय म्हणतात ते या आठवड्यात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. प्रस्थान कुणी ठेवलं होतं का, कुठे ठेवलं होतं, काय ठेवलं होतं, तेही विचारा. आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत, वहीत लिहून ठेवा.